सोंग कोणाचे, आणि समोर बसला कोण?

सज्जनहो, वारकऱ्याला सोंगाचे वावडे नाही. दिवसभर वाट तुडवून पाय सुजलेले असतात, मुक्कामावर पिठलेभाकरी पोटात गेलेली असते, आणि मग टाळ-मृदंगाच्या साथीला भारूड उभे राहते. कोणी घोंगडे पांघरून जोशी होतो, कोणी लुगडे नेसून गौळण होतो, कोणी हातात काठी घेऊन फकीर होतो. हसता हसता डोळ्यांत पाणी केव्हा आले ते समजत नाही. तेव्हा सोंग घेणे हेच मुळी वाईट, असे म्हणायला आपण काही मोकळे नाही. नाथमहाराजांनी जो मार्ग चोखाळला, त्याला नाव ठेवणारे आपण कोण?

परंतु सोंगासोंगांत भेद आहे, आणि तो भेद कोणता हे शोधणे आपले कर्तव्य आहे. एक माणूस दुसऱ्या माणसाचे सोंग घेतो, त्याचा पोशाख अंगावर चढवतो, त्याच्यासारखे बोलतो, चार लोकांपुढे त्याच्या नावाने हरतो, मरतो, हास्यास्पद होतो. ज्याचे सोंग घेतले त्याचे आपण काही देणे लागतो का? प्रश्न साधा दिसतो, पण वाटते तितका तो साधा नाही. मला तो ज्या रात्री भेटला ती रात्र आधी सांगतो.

माझ्या लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत वग होत असे. गॅसबत्त्या आणण्याचे, पेटवण्याचे आणि रात्रभर हवा भरून त्या जागत्या ठेवण्याचे काम गावातल्या एका मुसलमान गृहस्थाकडे होते. आम्ही पोरे त्यांना चाचा म्हणत असू. आषाढीला दिंडी निघाली की पहाटेच्या अंधारात वेशीपर्यंत बत्ती धरून पुढे चालणारे तेच. त्या वर्षी वगात एक मोगल सरदार होता. कोळशाने काढलेल्या मिशा, जरीचा फाटका अंगरखा, आणि शब्दाशब्दाला अडखळणारी हिंदुस्थानी. सोंगाड्याने त्याची यथेच्छ फजिती केली. अखेर सरदार पाठीवर पडला, शिट्ट्या झाल्या, आणि एक पोरगा उठून ओरडला, “चाचा, तुमचा सरदार पडला की हो!” सगळा मांडव हसला. चाचाही हसले, पण सगळ्यांचे हसू संपत आले तेव्हा हसले. मग खाली वाकून त्यांनी बत्तीत हवा भरायला सुरुवात केली. बत्ती चांगली लख्ख जळत होती. तिला हवेची काहीच गरज नव्हती.

तो ओरडणारा पोरगा मीच होतो. पुष्कळ वर्षे झाली, चाचा केव्हाच गेले. पण त्यांचे ते वाकणे डोळ्यांसमोरून गेले नाही. माझ्या तोंडून ‘तुमचा सरदार’ हा शब्द का निघाला? चाचांचा आणि कोण्या काळच्या त्या सरदाराचा संबंध तो काय? तो तर आमचा गाववाला, आमच्या दिंडीचा उजेड! एका सोंगाने क्षणात त्याला आमच्यातून उचलले आणि पलीकडे नेऊन बसवले.

आपल्या घरातले जळमट आपल्याला दिसत नाही, डोळ्याला त्याची सवय झालेली असते. परक्याच्या घरातले मात्र चट्‌कन दिसते. म्हणून आज मी वाचकांना जरा दूर नेणार आहे. जेथे अशी सोंगे शेकडो वर्षे गावोगाव, देवाच्या उत्सवात, मोठ्या थाटाने चालत आली आहेत अशा एका देशात. तिकडचे पाहू आणि मग आपला कोनाडा झाडू.

तो देश स्पेन. इ. स. ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून मुसलमानी सैन्य समुद्र ओलांडून तेथे उतरले आणि देशाच्या मोठ्या भागावर त्यांचे राज्य झाले. या लोकांना तिकडे ‘मोरो’ म्हणतात. आपल्या पुस्तकांतून ‘मूर’ हा शब्द आढळतो. उत्तरेकडची ख्रिस्ती राज्ये हळूहळू खाली सरकत गेली आणि १४९२ साली ग्रानादा हे शेवटचे मुसलमानी राज्य पडले. जवळजवळ आठशे वर्षांचा हा सहवास. त्यात लढाया झाल्या तसे तह झाले, शेजार झाला, व्यापार झाला, एकमेकांच्या शब्दांची आणि विद्येची देवघेव झाली. पण लोकांच्या उत्सवात उरली ती मुख्यतः लढाई.

पूर्व किनाऱ्याजवळ वलेन्सिया प्रांतात आल्कॉय नावाचे डोंगरातले शहर आहे. एप्रिल महिन्यात संत जॉर्जच्या तिथीच्या सुमारास तेथे तीन दिवस ‘मूर आणि ख्रिस्ती’ नावाचा उत्सव भरतो. आपल्या फडांसारखी त्यांची मंडळे असतात. एकंदर अठ्ठावीस, चौदा ख्रिस्त्यांची, चौदा मुरांची. पहिल्या दिवशी सकाळी ख्रिस्ती सैन्य शहरात प्रवेश करते, दुपारनंतर मूर. दुसरा दिवस संताच्या मिरवणुकीचा. तिसरा दिवस लढाईचा. चौकात लाकडी किल्ला उभारलेला असतो. सकाळी मुरांचा वकील येतो, किल्ला खाली करा म्हणून बोलणी करतो, बोलणी फिसकटतात, बंदुकांचे बार उडतात, धुराने चौक भरून जातो, आणि किल्ला मुरांच्या हाती जातो. दुपारी ख्रिस्त्यांचा वकील येतो, पुन्हा तीच बोलणी, पुन्हा तेच बार; आणि किल्ला परत ख्रिस्त्यांकडे. शेवटी तटावर संत जॉर्जच्या वेषात एक लहान मूल प्रकट होते आणि बाण सोडते. लोक गहिवरतात. मूल देव झाले म्हणजे कोण गहिवरणार नाही?

या खेळामागची कथा १२७६ सालची. अल्‌-अझ्रक नावाच्या मुसलमान सरदाराने आल्कॉयवर चाल केली, संत जॉर्ज तटावर प्रकट झाले आणि सरदार पडला, अशी ती आख्यायिका. आता हा अल्‌-अझ्रक कोण होता? खेळात तो स्वारी करून आलेला परका शत्रू. वस्तुतः तो त्याच डोंगरांत जन्मलेला. तेथल्या खोऱ्यांतले किल्ले त्याच्याच हातात होते. १२३८ साली आरागॉनचा राजा जॅउमे याने वलेन्सिया शहर घेतले आणि प्रांत जिंकत आणला. १२४५ मध्ये राजपुत्राने अल्‌-अझ्रकशी लेखी तह केला. त्या एकाच चर्मपत्रावर अरबी मजकूर आणि स्पॅनिश मजकूर लिहिलेला आहे. पुढे बिनसले, बंडे झाली, त्याला देश सोडावा लागला आणि अखेर १२७६ मध्ये तो परत आला तो आल्कॉयच्या वेशीवर मरण्यासाठी. त्याच वर्षी जॅउमे राजाही वारला. दोघे म्हातारे वैरी एकाच वर्षी मातीला मिळाले. काळापुढे कसला मूर नि कसला ख्रिस्ती!

तेव्हा जो ‘बाहेरचा’ म्हणून किल्ल्यावर चालून येतो, तो आपल्याच घरी परत येणारा माणूस होता. ही गोष्ट त्याने केलेला हल्ला पुसून टाकीत नाही. हल्ला त्याने केलाच. पण ती ऐकल्यावर खेळातले बार कानाला निराळे वाटतात की नाही?

येथे कोणी शंका घेईल की, महाराज, तुम्ही उगाच खोड काढता आहात. आल्कॉयचे लोक मुरांचा द्वेष कोठे करतात? उलट मुरांच्या मंडळात जाण्याची हौस केवढी! पागोटी, रेशीम, मोत्यांचे काम, उंट. सगळा थाट मुरांकडे. त्यांच्या मिरवणुकीचे संगीत संथ, भारदस्त, डोलायला लावणारे. मंडळांची नावेही जुन्या मूर घराण्यांवरून ठेवलेली. निम्मे गाव आनंदाने मूर होते, आजोबा मूर, नातू मूर. आपण ज्याचा द्वेष करतो त्याचा वेष कोणी असा मिरवतो काय?

हा पूर्वपक्ष बळकट आहे आणि मी तो झटकून टाकीत नाही. खरोखर तेथे द्वेषापेक्षा हौसच अधिक दिसते. मुरांच्या वकिलाला बोलायला भाषण आहे, अर्ध्या दिवसापुरता का होईना जय आहे. शत्रूला सुंदर करून दाखवणे ही लहान गोष्ट नाही. पण माझा प्रश्न वेगळा आहे. हे सोंग इतके प्रेमाने घेतले जात होते, तेव्हा ज्यांचे सोंग ते लोक कोठे होते?

त्याचे उत्तर खेळात नाही, इतिहासात आहे. राज्य गेल्यावरही वलेन्सियात हजारो मुसलमान कुटुंबे राहत होती. ते शेते कसत, डोंगरउतारावर ताली रचीत, पाटाचे पाणी फिरवीत. सोळाव्या शतकात त्यांना सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला. नावे बदलली, पोशाख बदलायला लावला, भाषेवर बंदी आली. त्यांना ‘मोरिस्को’ म्हणू लागले. म्हणजे धड मूर नाही, धड ख्रिस्ती नाही. आणि १६०९ साली राजा तिसऱ्या फिलिपने हुकूम काढला की या सर्वांनी देश सोडावा. सुरुवात वलेन्सियापासून झाली. प्रांतातला सुमारे प्रत्येक तिसरा माणूस मोरिस्को होता. डेनिया व इतर बंदरांवर त्यांना हाकत नेले, जहाजांत घातले. कित्येक लहान मुले आईबापांपासून काढून ख्रिस्ती घरांत ठेवून घेतली. १६१४ पर्यंत सगळ्या देशातून तीन लाखांच्या आसपास माणसे घालवली गेली. डोंगरातली गावेच्या गावे ओस पडली. पुढे काहींत मायोर्का बेटावरून कुटुंबे आणून वसवावी लागली.

विचार करा, वाचकहो. घरातला खरा माणूस हाकलून दिला आणि त्याचा अंगरखा खुंटीवरून काढून सणाला मिरवला. अंगरख्यावर प्रेम आहे यात संशय नाही. पण ज्याचा अंगरखा तो समुद्रापार उपाशी मेला की जगला, याची विचारपूस त्या खेळात नाही. किल्ला परत मिळतो, संत बाण सोडतो, पडदा पडतो. खेळ १२७६ सालाविषयी बोलतो आणि १६०९ विषयी मुका राहतो. खोटेपणा तो जे सांगतो त्यातच असतो असे नाही. तो जेथे थांबतो तेथेही असतो.

म्हणूनच समोरची जागा रिकामी असली की सोंग फार स्वस्त होते. आणि स्वस्त झालेले सोंग कोठपर्यंत घसरते याचेही उदाहरण त्याच प्रांतात आहे. काही गावांत उत्सवाच्या वेळी एक मोठा पुतळा करीत आणि त्याला चक्क इस्लामच्या प्रेषिताच्या नावाने ओळखत. शेवटी त्याच्या डोक्यात शोभेची दारू ठेवून ते उडवून देण्याचीही चाल होती. कित्येकांना ती केवळ गंमत वाटत होती. पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्यात काय एवढे! २००६ च्या फेब्रुवारीत, डेन्मार्कमधल्या व्यंगचित्रांवरून जगभर क्षोभ उसळला असताना, बोकैरेंट नावाच्या गावाने डोके उडवण्याची ती चाल सोडली. भयाने सोडली की विवेकाने, हे ज्याचे त्याने आपल्या मनाला विचारावे. भयाने सोडलेली वाईट खोड हाताने सुटते, मनात तशीच राहते. विवेकाने सोडली तर मुळापासून सुटते. पण सुटली हे बरेच झाले. ‘परंपरा’ या एका शब्दाने सगळे झाकता येत नाही. परंपरेलाही गाळणी लागते.

स्पेनच्या राजाची जहाजे जगभर गेली, आणि त्यांच्याबरोबर हे सोंगही गेले. फिलिपाईन्स बेटांत त्यांना दक्षिणेकडे मुसलमान राज्ये भेटली. अहो, या लोकांनी स्पेन डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. तरीही स्पॅनिशांनी त्यांना ‘मोरो’ हेच नाव ठेवले. मनात साचा तयार होता, माणूस त्यात ओतला. १६३७ मध्ये मिंदानाओच्या सुलतान कुदरतवर स्वारी झाली, त्याचे ठाणे पडले आणि त्या विजयाचे नाटक त्याच वर्षी मनिलात झाले. त्या काळच्या एका पाद्र्याच्या पत्रात एक लहानशी हकीकत आहे. कावितेच्या पोरांनीही मूर-ख्रिस्त्यांची लढाई खेळायला घेतली. एक पोरगा कुदरत झाला. खेळ असा रंगला की त्या पोराला खरोखरची इजा झाली.

मी ही हकीकत वाचली तेव्हा बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. मोठ्यांच्या मनातला वैरी लहानांच्या खेळात उतरतो, आणि रक्त निघते ते शेजारच्या पोराचे. खरा कुदरत त्या वेळी निसटला होता, तो पुढे १६७१ पर्यंत जगला आणि त्याने राज्यही केले. मार खाल्ला तो त्याचे नुसते नाव घेतलेल्या लेकराने. सोंगाचा घाव ज्याच्या नावाने घालतो त्याला लागत नाही. जवळ जो असतो त्याला लागतो. आमच्या जत्रेत मोगल सरदाराला काय लागले? तो तर शतकांपूर्वीच गेलेला. लागले ते बत्तीवाल्या चाचांना.

फिलिपाईन्समध्ये पुढे या खेळाचे ‘मोरो-मोरो’ अथवा ‘कोमेद्या’ असे मोठे लोकनाट्य झाले; गावच्या संताच्या उत्सवात ते होई. मूर राजपुत्र, ख्रिस्ती राजकन्या, लढाया, आणि शेवट बहुधा ठरलेला: मूर हरणार, नाही तर धर्म बदलणार. मनिलाजवळ पारान्याकेतल्या सान दिओनिसिओत कोमेद्याची परंपरा आजच्या काळापर्यंत आली आहे. तिकडे दक्षिणेत मात्र ज्यांना हिणवून ‘मोरो’ म्हटले, त्यांनी तेच नाव अभिमानाने उचलले. दीर्घ संघर्षानंतर २०१९ साली त्यांचा ‘बांगसामोरो’ नावाचा स्वायत्त प्रदेश झाला. मंचावर ज्याला तीनशे-चारशे वर्षे हरवले, तो मंचाबाहेर आपल्या नावासह उभाच होता!

हे वारे आपल्या देशालाही लागले आहे. केरळच्या किनाऱ्यावर, कोचीच्या आसपास, लॅटिन ख्रिस्ती समाजात ‘चविट्टु नाटकम्’ नावाचे लोकनाट्य आहे. पोर्तुगीजांच्या काळात ते घडले. लाकडी मंच पायांनी दणाणून सोडीत शार्लमेन राजाची व त्याच्या वीरांची कथा त्यात सांगतात, आणि समोरच्या बाजूला मुसलमान राजे असतात. शार्लमेनने केरळ पाहिले नव्हते, केरळने शार्लमेन पाहिला नव्हता. पण ‘ते’ आणि ‘आम्ही’ यांचा साचा मात्र समुद्र ओलांडून आला.

आता याच परंपरेतली उलटी गोष्ट सांगतो. ती मला फार मोलाची वाटते. मेक्सिकोचे राज्य कोर्तेस नावाच्या स्पॅनिश सेनापतीने १५२१ मध्ये बुडवले. त्यानंतर अठरा वर्षांनी, १५३९ साली, त्लास्काला या शहरात पाद्र्यांच्या प्रेरणेने तेथल्या मूळच्या लोकांनी ‘जेरुसलेमचा विजय’ हे भव्य नाटक केले. मोतोलिनिया नावाच्या फ्रान्सिस्कन साधूच्या ग्रंथात त्याचे वर्णन आहे. नाटकात जेरुसलेमवर राज्य करणारा सुलतान हा हरणारा पक्ष. आणि त्या सुलतानाच्या भूमिकेला कोणाचे नाव दिले होते म्हणता? प्रत्यक्ष कोर्तेसचे! त्याच्या सेनापतीच्या भूमिकेला कोर्तेसचाच दुसरा सरदार आल्वारादो याचे नाव. शेवटी सुलतान शरण येतो आणि बाप्तिस्मा मागतो.

असे का केले, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. काहींच्या मते दबलेल्या लोकांनी जेत्याला काढलेला हा मुका चिमटा. ते काही असो. माझ्यासारख्या साध्या माणसाला त्यातून एवढेच कळते की ‘मूर’ ही जात नव्हे, धर्म नव्हे. मूर म्हणजे अंगरखा आहे. ज्याच्या हाती मंच तो ज्याला पाहिजे त्याला तो घालतो. स्पेनमध्ये तो मुसलमानाला घातला, त्लास्कालात खुद्द ख्रिस्ती विजेत्यालाच घातला. उद्या ज्याच्या हाती मंच येईल तो आपल्याला घालील. मग आपण समोर बसून कसे हसू, आणि सगळ्यांचे हसू संपत आल्यावर कसे हसू, याचा विचार प्रत्येकाने करावा.

येथे नाथमहाराजांची आठवण होते. सोळाव्या शतकात, दक्षिणेत मुसलमानी राजवटी असताना, पैठणच्या या ब्राह्मणाने ‘हिंदु-तुर्क संवाद’ रचला. त्यात एक हिंदू आणि एक तुर्क समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या आचारांवर अगदी खरपूस टीका करतात. नाथबाबांनी कोणाचीही भीड ठेवली नाही. गुळमुळीत बोलून सलोखा केला नाही. पण दोघांनाही तोंड आहे, दोघांनाही टोला आहे आणि दोघांनाही उत्तर आहे. हसू येते ते दोघांचेही येते. भांडता भांडता बोलणे मूळ तत्त्वापर्यंत जाते आणि दोघे एकमेकांना मिठी मारतात. किल्ला कोणीच जिंकत नाही, कोणीच हरत नाही. हरतो तो दोघांच्या मनातला मीपणा.

नाथबाबांची दरवेश, फकीर यांची रूपकेही अशीच. फकिराची झोळी खांद्यावर घेऊन भारूडकार उभा राहतो तेव्हा फकिराची टिंगल होत नाही. फकिराच्या तोंडून आपल्यालाच जाग येते. सोंग बाहेरचे, बोट आत. हाच तो भेद, ज्याचा शोध घ्यायला आपण निघालो होतो. एका सोंगात बोट समोरच्याकडे असते: हा पाहा, असा असतो हा! दुसऱ्या सोंगात बोट स्वतःकडे वळते: बाबा रे, हा तूच आहेस. पहिल्या सोंगाने माणूस फुगतो, दुसऱ्याने वितळतो.

मग इतिहासातल्या लढाया दाखवायच्याच नाहीत काय, असे कोणी विचारील. दाखवाव्यात. जुलूम झाला तेथे झाला म्हणावे, शौर्य होते तेथे त्याला मुजरा करावा. खरे झाकून जुळवलेला सलोखा पावसाळ्यातल्या मातीच्या भिंतीसारखा, पहिल्या सरीत ढासळतो. माझे म्हणणे इतकेच आहे की दोन गोष्टींची परीक्षा करावी.

पहिली अशी, की ज्याचे सोंग घ्यायचे त्याला आधी पहिल्या रांगेत मानाने बसवावे. प्रत्यक्ष नसेल तर मनाने बसवावे. तो तेथे बसला आहे, त्याचे पोर त्याच्या मांडीवर आहे, असे धरून मग वेष चढवावा. जे वाक्य त्याच्या पोरासमोर उच्चारताना जीभ अडखळेल, ते खोटे असेल तर गाळावे; खरे असेल तर कोणत्या शब्दांत सांगावे याचा विचार करावा. आल्कॉयची पहिली रांग १६०९ नंतर ओस पडली होती. आज ती ओस नाही. मोरोक्कोहून पोटासाठी आलेली लाखो माणसे आज स्पेनमध्ये राहतात, शेतांत राबतात, त्यांची मुले तेथल्या शाळेत शिकतात. आता त्या खेळाची खरी कसोटी आहे. आपल्याकडची पहिली रांग तर कधी ओस नव्हतीच. श्रीगोंद्याचे शेख महंमद आपल्या संतमालिकेत बसले आहेत. देहूहून तुकोबारायांची पालखी निघते तेव्हा अनगडशहाबाबांच्या दर्ग्याजवळ ती थांबते, आरती होते आणि मग पुढची वाट धरते. ज्याच्या दारात पालखी थांबते, त्याच्याकडे पाहून आपल्या मांडवात शिट्टी वाजावी हे कसे शोभेल?

दुसरी परीक्षा अशी, की खेळ कोठे थांबतो ते पाहावे. आपला जय झाला तेथेच पडदा पडत असेल, तर पुढचा प्रवेश आपण लपवीत आहोत का, हे स्वतःला विचारावे. जिंकल्यानंतर आपण कसे वागलो, हा प्रवेश सर्वांत कठीण, आणि तोच बहुधा कोणी लिहीत नाही. जित्यांच्या लेकरांचे काय झाले, त्यांच्या विहिरीवर कोण पाणी भरू लागले, हे सांगणारा खेळ ज्या गावात होईल त्या गावाचा उत्सव खरा.

हे सर्व लिहिताना मी दुसऱ्याला शिकवतो आहे असे कोणी समजू नये. ज्याने स्वतः आरोळी ठोकली त्याला शिकवण्याचा अधिकार तो कसला? त्या रात्री वग संपला, माणसे घोंगड्या झटकून उठली. चाचांनी एकेक बत्ती विझवली. शेवटची मात्र विझवली नाही. आमची आळी ओढ्यापलीकडे, वाट काट्याकुट्यांची. ते बत्ती उंच धरून पुढे झाले आणि मागे वळून म्हणाले, “चला रे पोरांनो, पायाखाली बघून चला.” आम्ही त्यांच्या उजेडात घरी गेलो. मी एक शब्द बोललो नाही. क्षमा मागायची असते हे त्या वयात कळले नाही, आणि कळले तेव्हा मागायला कोणी उरले नव्हते.

म्हणून यंदा ज्यांच्या गावी जत्रा आहे, सोंगे आहेत, भारूड आहे, त्यांना हात जोडून एवढीच विनंती. वेष चढवण्यापूर्वी मांडवाकडे एकदा नजर टाकावी. बत्ती कोणी धरली आहे ते पाहावे. आणि मग खुशाल नाचावे.

रामकृष्णहरि.